अंध आणि वयस्कर माणसांसाठी घरातली उपकरणं: आधी स्थिती, मग हुकूम

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्वयंपाकघरात वापरायचा एक बोलणारा टायमर करायचा आहे. तो पूर्ण अंध माणसाला आणि नजर अधू झालेल्या वयस्कर माणसाला, दोघांनाही वापरता यावा. आराखड्यात टचस्क्रीन, आवाजी आज्ञा आणि मोबाईल ॲप असं तिन्ही आहे. हे बरोबर चाललंय का, आणि यातलं काय वॉशिंग मशीन, शेगडी, वजनकाटा अशा इतर उपकरणांना लागू पडेल?

टचस्क्रीन काढून टाका. ॲप ठेवायचंच असेल तर असं ठेवा की ते नसलं तरी टायमरचं काही अडणार नाही. आवाजी आज्ञांचा विचार सगळ्यात शेवटी करा, किंवा करूच नका. आता कारणं.

उपकरणाला हुकूम कसा द्यायचा यावर सगळे डोकं चालवतात. अडतं मात्र त्याच्या आधीच. डोळस माणूस बटण दाबण्याआधी नकळत एक काम उरकून घेतो: उपकरणाकडे बघतो. चालू की बंद, किती मिनिटं लावलीत, झाकण नीट बसलंय का, हे एका नजरेत टिपून मग हात पुढे करतो. अंध माणसाच्या बाबतीत बघणं आणि करणं ही दोन्ही कामं त्याच हाताकडे असतात. म्हणून पहिली अट अशी: हात लावून, काहीही न बदलता, उपकरण आत्ता कुठल्या स्थितीत आहे ते कळलं पाहिजे.

स्पर्शाने चालणारं काचेचं पॅनल याच अटीवर नापास होतं, कारण चाचपणं आणि दाबणं यातला फरक त्याला कळत नाही. इंडक्शन शेगडीच्या सपाट काचेवर ‘बंद’ची जागा शोधताना बोट वाटेत ‘वाढवा’वरून जातं आणि आच वाढते. फोनवर हा प्रश्न सुटला आहे हे खरं. आयफोनवर २००९ मध्ये व्हॉइसओव्हर ही पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय आली, तेव्हापासून बोट फिरवलं की नाव ऐकू येतं आणि दोनदा टिचकी मारली की काम होतं. पण ते दिवसभर वापरून हात बसलेल्या फोनवर, कोरड्या बोटांनी. ओल्या, साबणाच्या हातांनी दिवसातून दोनदा हाताळायच्या वस्तूवर कोणी ती पद्धत शिकत बसत नाही.

याउलट साधा रॉकर स्विच घ्या. कुठली बाजू दबलेली आहे हे बोट टेकताच कळतं. सरकता स्विच, दोन्ही टोकांना अडणारा नॉब, उघडमीट होणारी खिट्टी, हे सगळे स्वतःची स्थिती अंगावर वागवतात. एकाच बटणाने चालू आणि त्यानेच बंद ही रचना ते करत नाही. टोक नसलेला, गोल गोल फिरतच राहणारा एन्कोडर तर त्याहून वाईट: टक् टक् मोजत राहावं लागतं आणि मध्येच कोणी हाक मारली की मोजणी गेली. जुन्या, यांत्रिक नॉबच्या वॉशिंग मशीन अंध लोकांना नव्या मशीनपेक्षा सोप्या जातात त्या यामुळेच. त्या करणाऱ्यांनी अंधांचा विचार केला होता असं मुळीच नाही.

दुसरी गोष्ट, ‘अंध आणि वयस्कर’ हा एक गट धरू नका. लहानपणापासून अंध असलेली, ब्रेल वाचणारी तिशीतली व्यक्ती आणि साठीनंतर नजर गेलेली व्यक्ती यांच्या गरजा कित्येकदा उलट्या असतात. पहिलीची बोटं तयार असतात, बोलणं दुप्पट वेगाने चाललं तरी तिला समजतं, बटणांची जागा एकदा दाखवली की पाठ होते. दुसरीला ब्रेल सहसा येत नाही आणि नव्याने शिकणं जड जातं. ब्रेलच्या एका चौकटीतल्या दोन टिंबांमधलं अंतर जेमतेम अडीच मिलिमीटर असतं. तरुण बोटाच्या टोकाला दोन टोचण्या वेगळ्या कळायला साधारण २ ते ३ मिमी अंतर लागतं. वयाबरोबर हे अंतर वाढतं, आणि मधुमेहाने बोटांच्या नसा बधिर झाल्या असतील तर प्रश्नच मिटला. त्यात उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, हात थरथरतो. पण बघायची सवय आणि थोडीफार नजर शिल्लक असते. ‘अंध’ म्हणवल्या जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना उजेड, रंग, ठळक आकार यातलं काहीतरी दिसतं. पूर्ण काळोख फार थोड्यांच्या वाट्याला येतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाची माहिती निदान दोन वाटांनी द्या: स्पर्श आणि आवाज, किंवा आवाज आणि ठळक दृश्य. एकच वाट ठेवली की कोणीतरी हमखास बाहेर राहतं.

आता तुमचा टायमर. त्यासाठी १ पोल १२ पोझिशनचा रोटरी स्विच घ्या, म्हणजे बारा जागी थांबणारा फिरता स्विच. दर दोन थांब्यांमध्ये ३० अंश, म्हणजे घड्याळाचे बारा आकडेच. बारावर ‘बंद’ ठेवा. पुढे एकवर १ मिनिट, दोनवर २, तीनवर ३, चारवर ५, पाचवर १०, सहावर १५, सातवर २०, आठवर ३०, नऊवर ४५, दहावर ६० आणि अकरावर ९० मिनिटं. अकरा आणि बाराच्या मध्ये यांत्रिक अडसर येतो, त्यामुळे कितीही गोंधळ झाला तरी नॉब डावीकडे टोकाला टेकेपर्यंत फिरवला की टायमर बंद. वापरणाऱ्याला पाठ करायला हे एवढं एकच वाक्य द्यायचं.

सात मिनिटं लावायची असतील तर? त्यासाठी वेगळं ‘एक मिनिट वाढवा’ बटण द्या. प्रत्येक दाबाला एकूण मिनिटं बोलून दाखवायची. इथे नॉब खरी स्थिती पूर्ण सांगत नाही, हा दोष पत्करावा लागतो. त्याची भरपाई म्हणून ‘किती राहिलं’ हे आणखी एक बटण. ते दाबल्याने फक्त उरलेली मिनिटं ऐकू यावीत, दुसरं काहीही बदलू नये.

नॉबचा व्यास ४५ ते ५० मिमी आणि उंची २० मिमीच्या पुढे ठेवा. व्यास दुप्पट केला की बोटांना लावावा लागणारा जोर निम्मा होतो, आणि स्वस्तातले रोटरी स्विच बऱ्यापैकी घट्ट असतात. नॉबवर आडवा उंच कणा हवा, म्हणजे संधिवाताने बोटं न वळणाऱ्या माणसालाही तळहाताच्या कडेने तो ढकलता येतो. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे दोन्ही टोकांना सारखाच कणा करणं. मग बोटाला तो बारावर आहे की सहावर ते कळत नाही. एक टोक निमुळतं करून नॉबच्या कडेबाहेर ३-४ मिमी काढा, दुसरं बोथट ठेवा. आणि दांडा गोल नको, इंग्रजी ‘डी’च्या आकाराचा हवा. गोल दांड्यावर छोट्या स्क्रूने आवळलेला नॉब काही महिन्यांत सैल होतो आणि एक-दोन थांबे सरकून बसतो. डोळस माणूस आवाज ऐकून, पडद्याकडे बघून ते सावरतो. अंध माणसाला मात्र नॉब खोटं सांगतो आणि ते खोटं आहे हे समजायचा मार्ग नसतो.

जोडणी सोपी आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. प्रत्येकी १ किलोओहमचे रेझिस्टर ओळीने लावून त्यांच्या जोडांवरून स्विचच्या बारा टोकांना तारा द्या आणि मधलं टोक मायक्रोकंट्रोलरच्या (टायमर चालवणाऱ्या चिपच्या) व्होल्टेज मोजणाऱ्या ॲनालॉग पिनला. असे बहुतेक स्विच पुढचा संपर्क होण्याआधी मागचा तोडतात, म्हणजे दोन थांब्यांच्या मध्ये पिन क्षणभर अधांतरी राहते. ती तरंगू नये म्हणून ४७० किलोओहमने ग्राउंडला बांधली, की मधल्या क्षणी शून्य वाचलं जातं. आता ‘बंद’ही शून्यावरच ठेवलं असेल तर २० वरून ३० वर जाताना टायमर मध्येच ‘बंद’ म्हणतो आणि चालू मोजणी पुसतो. उपाय: अकराऐवजी बारा रेझिस्टर लावा, म्हणजे सगळ्यात खालचा थांबाही पुरवठ्याच्या एक बारांशावर राहतो. दहा बिटांच्या, म्हणजे ० ते १०२३ अशा वाचनात दोन थांब्यांमध्ये ८५ चं अंतर पडतं, ते भरपूर आहे. शून्याच्या जवळचं वाचन म्हणजे ‘नॉब मध्ये आहे’, त्याकडे दुर्लक्ष. शिवाय नवं वाचन १५० मिलिसेकंद स्थिर राहिल्यावरच मान्य करा, आणि नॉब दीड-दोन सेकंद एका जागी थांबल्यावरच मोजणी सुरू करा. फिरवताना वाटेतला प्रत्येक आकडा पूर्ण बोलत बसू नका. नवा थांबा आला की आधीचं बोलणं तिथेच तोडायचं.

बटणांचं बघू. प्रयोगाच्या पाटीवर (ब्रेडबोर्डवर) बसतात ती चिमुकली टॅक्ट बटणं पाव मिलिमीटरच दबतात. बधिर बोटाला तो खटका लागत नाही आणि माणूस पुन्हा पुन्हा दाबत राहतो. दीड ते दोन मिमी खाली जाणारी, दीड ते अडीच न्यूटन जोर लागणारी बटणं घ्या. अमेरिकेच्या एडीए या अपंगांसाठीच्या कायद्याच्या निकषांमध्ये हाताने चालवायच्या भागांसाठी २२.२ न्यूटन ही वरची मर्यादा आहे, आणि काम एका हाताने, घट्ट पकड, चिमूट किंवा मनगट पिळणं न लागता व्हावं असंही म्हटलंय. ती मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. एवढा जोर लावताना हलकं उपकरण ओट्यावरून सरकून जाईल. बटणं किमान १५ मिमी रुंद, दोन बटणांमध्ये ६ ते ८ मिमी जागा किंवा एक उभी कड. आकार वेगळे ठेवा. रंग वेगळे करून आकार तेच ठेवले तर अर्ध्या वापरणाऱ्यांसाठी काहीच केलं नाही असं समजा.

थरथरत्या हाताचा हिशेब सॉफ्टवेअरमध्ये करावा लागतो. बटणाचे संपर्क उसळतात म्हणून ५ ते २० मिलिसेकंद थांबायची पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण ती धातूच्या थरथरीसाठी आहे. हाताचा कंप साधारण ४ ते १२ हर्ट्झचा असतो, म्हणजे एक झोका ८० ते २५० मिलिसेकंदांचा. २० मिलिसेकंदांच्या गाळणीतून तो सरळ पलीकडे जातो आणि एका दाबाचे तीन होतात. म्हणून ‘मिनिट वाढवा’वर एक दाब मान्य केल्यानंतर ३०० मिलिसेकंद कान बंद ठेवा. भरभर दाबणाऱ्या सराईत माणसाला याचा त्रास होईल, तेव्हा ही वेळ बदलता यावी. दाबून धरण्यामागे कुठलंही नेहमीचं काम लपवू नका. अगदीच लागलं तर दोन सेकंद मोजताना २०० मिलिसेकंदांपर्यंतची सुटलेली पकड माफ करा, नाहीतर कंप असलेल्या माणसाला ते कधीच जमणार नाही.

आवाजाबाबत सगळ्यात जास्त चुका होतात, कारण बझर निवडणाऱ्याचे कान तरुण असतात. बाजारात मिळणारा छोटा पिझो बझर (पातळ चकती कंपवून वाजणारा) साधारण २ ते ४ किलोहर्ट्झला ओरडतो, आणि वयाने जाणारं ऐकणं वरच्या बाजूनेच कमी होत येतं. तुम्हाला कर्कश वाटणारी पीप सत्तरीतल्या माणसाला शेजारच्या खोलीत ऐकूच जात नाही. उपकरणांच्या सूचक आवाजांबद्दलच्या आयएसओ २४५०० या मानकात मूळ वारंवारता २.५ किलोहर्ट्झच्या पुढे नको असं सांगितलंय. धुराच्या अलार्मच्या बाबतीत हे प्रयोगांतून नीट समोर आलं: ३ किलोहर्ट्झच्या आसपासच्या नेहमीच्या शिट्टीपेक्षा ५२० हर्ट्झच्या चौकोनी लहरीने झोपलेली माणसं जास्त भरवशाने जागी होतात. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या आगीच्या अलार्मच्या संहितेत झोपायच्या जागांसाठी हा खालच्या पट्टीचा आवाज आला तो त्यामुळेच. चौकोनी लहरीची गंमत अशी की तिच्यात ५२० सोबत १५६० आणि २६०० हर्ट्झही असतात. कानाचा जो भाग शाबूत असेल त्याला काहीतरी सापडतं.

टायमरसाठी ५०० ते १००० हर्ट्झमधली चौकोनी लहर आणि ४० ते ५० मिमीचा, ८ ओहमचा, १ वॉटचा छोटा स्पीकर पुरतो. पिझो चकतीतून ५०० हर्ट्झ जोरात निघत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. स्पीकरची मागची बाजू बंद कप्प्यात ठेवा. उघडी सोडली तर पुढच्या आणि मागच्या लहरी एकमेकींना खातात आणि नेमका खालचा आवाज बसतो. जाळी बुडाला नको, ओट्यावर टेकली की आवाज मेला. सुरू होताना चढते दोन सूर, बंद होताना उतरते, टोकाला अडल्यावर एक बोथट ‘ठक्’. पण केवळ पट्टीवर विसंबू नका, लयही वेगळी ठेवा. वेळ संपल्याचा आवाज कोणी थांबवेपर्यंत चालू राहावा. निदान पाच मिनिटं सलग आणि मग दर मिनिटाला एकदा. सोबत मोठा लुकलुकणारा दिवा द्या, म्हणजे कान गेलेल्या पण थोडं दिसणाऱ्या माणसाचीही सोय होते.

बोलण्यासाठी छोट्या उपकरणात माणसाच्या आवाजातल्या ध्वनिफिती सगळ्यात बऱ्या. डीएफप्लेअर मिनीसारखं मॉड्यूल मेमरी कार्डवरून त्या वाजवतं आणि त्यात ३ वॉटचा ॲम्प्लिफायर असतो. त्याच्या नेहमीच्या तक्रारी तीन. स्पीकरमधून गुणगुण येते: चिपकडून मॉड्यूलला आज्ञा नेणाऱ्या सिरियल तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला. भलतीच फीत वाजते: काही आज्ञांमध्ये मॉड्यूल फाइलचं नाव बघत नाही, कार्डावर कुठली आधी उतरवली ते बघतं, म्हणून क्रमांकाच्या फोल्डरमध्ये क्रमांकाच्या फाइल ठेवून त्याच पद्धतीने बोलवा. सुरू केल्यावर पहिली आज्ञा वाया जाते: पुरवठा मिळाल्यावर एक-दोन सेकंद थांबा. प्रत्येक फितीच्या सुरुवातीची शांतता कापून ५० मिलिसेकंदांच्या आत आणा, नाहीतर बटण आणि उत्तर यांचा संबंध तुटतो आणि माणूस पुन्हा दाबतो.

मराठीत बोलणारं उपकरण करणार असाल तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. इंग्रजीत वीसपर्यंतचे आकडे आणि दहाची पटं एवढ्या फितींवर शंभरपर्यंत भागतं. मराठीत तसं जोडकाम चालत नाही. शून्य ते नव्याण्णव शंभरही आकडे वेगवेगळे ध्वनिमुद्रित करावे लागतात. ते एका बैठकीत, एकाच आवाजात करा. ‘एकोणचाळीस’ सकाळचा आणि ‘चाळीस’ संध्याकाळचा असला तर कानाला लगेच खुपतं. खरी अडचण वेगळीच आहे. सदतीस-अडतीस, सत्तावन्न-अठ्ठावन्न, सदुसष्ट-अडुसष्ट या जोड्या बघा. त्यातला ओळखीचा फरक मुख्यतः सुरुवातीच्या ‘स’वर उभा आहे, आणि ‘स’ची बहुतेक ताकद चार किलोहर्ट्झच्या वर असते. म्हणजे वयस्कर कानाला नेमका तोच ऐकू येत नाही, आणि छोटा स्पीकर त्यातला आणखी थोडा गिळतो. टायमरमध्ये एका मिनिटाच्या चुकीने बिघडत नाही. वजनकाटा, थर्मामीटर, रक्तदाब मोजायचं यंत्र यांत आकडा दोन तऱ्हांनी सांगा: ‘अडतीस. तीन, आठ.’ सुटे अंक एकट्याने पुरत नाहीत, कारण ‘सात’ आणि ‘आठ’चीही तीच रड, दोन्ही मिळून मात्र गफलत क्वचित होते. ध्वनिमुद्रण करताना बोलणाऱ्याला ‘स’ स्वच्छ उच्चारायला सांगा आणि नंतर फाइल लहान करायला फार दाबलेल्या एमपी३मध्ये तो घासून टाकू नका.

वाक्यात कामाचा शब्द पहिला. ‘बारा मिनिटं बाकी’ म्हणा. ‘आपण निवडलेल्या वेळेपैकी’ने सुरुवात केली की ऐकणारा बाराची वाट बघत ताटकळतो. दुसरं बटण दाबताच बोलणं थांबलं पाहिजे. वेग दोन तरी ठेवा, संथ आणि जलद. आवाज कमी करण्याला तळ असू द्या: पूर्ण शून्यावर गेलेलं उपकरण अंध माणसाला बिघडलेलंच वाटतं, आणि आवाज वाढवायला सांगणारा आवाजही बंद असतो. आकडा खासगी असेल, वजन किंवा रक्तदाबासारखा, तर कानाला लावायच्या हेडफोनची जागा द्या.

आवाजी आज्ञा मी शेवटी का ढकलल्या तेही सांगतो. नळ चालू असताना त्या चुकतात, कवळी किंवा अर्धांगवायूमुळे बोलणं अस्पष्ट झालेल्या माणसाला त्या ओळखत नाहीत, आणि काय म्हणायचं ते यंत्राला हात लावून शोधता येत नाही, पाठच असावं लागतं. जोडीला असतील तर छान, आधार म्हणून नकोत.

दिसण्याच्या बाजूने एक हिशेब उपयोगी पडतो. ६/६ (म्हणजे चांगल्या) नजरेला अक्षर ५ मिनिटांच्या कोनाएवढं लागतं (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे अर्ध्या मीटरवरून ०.७३ मिमी. ६/१८ नजरेला त्याच्या तिप्पट, सव्वादोन मिमी. ६/६० ला दहापट, सव्वासात मिमी. हे ओळखू येण्याच्या काठावरचे आकडे आहेत, आरामात वाचायला निदान दुप्पट करा. म्हणून टायमरचा आकडा १५ मिमीच्या खाली नको, २५ असेल तर उत्तम. देवनागरीत ही उंची मात्रा-उकार सोडून मोजायची. काळ्या मॅट पाटीवर पांढरे किंवा पिवळे आकडे ठेवा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला पांढऱ्या पार्श्वभूमीची चकाकी सहन होत नाही. निळा दिवा टाळा. वयाबरोबर भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं, शिवाय तो डोळ्यात पसरतो. चकचकीत प्लास्टिकचं आवरणही नको. आणि डिजिटल घड्याळातल्यासारख्या सात रेघांच्या आकड्यांत ६ आणि ८, ५ आणि ६ यांत एकाच रेघेचा फरक असतो, म्हणून बंद रेघा अजिबात दिसू नयेत. फिकट एलसीडीत त्या तिरप्या कोनातून दिसतात आणि सगळेच ८ होतात.

स्पर्शखुणा कमी ठेवल्या तरच त्या खुणा राहतात. आयएसओ २४५०३ मध्ये ठरवलेली पद्धत साधी आहे: सुरू करायच्या बटणावर टिंब, बंद करायच्या बटणावर आडवी पट्टी. अंकांच्या बटणांत ५ वर टिंब, तेही सर्वांच्या हाताला ओळखीचं. खूण कुठे करायची याचा जपानमधला नमुना बघण्यासारखा आहे. काओ कंपनीने १९९१ मध्ये शाम्पूच्या बाटलीच्या कडेला खाचा दिल्या आणि केस धुतल्यावर लावायच्या द्रवाची बाटली तशीच गुळगुळीत ठेवली. डोळ्यात फेस गेलेल्या कुणालाही ती खूण कळते, आणि पुढे इतर कंपन्यांनीही ती उचलली.

ब्रेल द्या, पण जादा सोय म्हणून. टिंबाची उंची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लागते. थ्रीडी प्रिंट करत असाल तर ब्रेलची पाटी आडवी न छापता उभी छापा, थर ०.१ ते ०.१५ मिमीचा, आडव्या छपाईत टिंबाचा माथा खरखरीत होतो आणि वाचणाऱ्याचं बोट दुखतं. उठावाची देवनागरी अक्षरं मात्र निराश करतात. शिरोरेषेमुळे बोट वरच्या सलग रेघेवरून घसरत जातं आणि खालचं अक्षर हाताला लागत नाही. त्याऐवजी वर्तुळ, त्रिकोण, पट्टी असे आकार १५ मिमीचे आणि ०.८ मिमी तरी उंच करा.

घरात आधीच असलेल्या उपकरणांसाठी चिकटवायची पारदर्शक किंवा ठळक रंगाची टिंबं मिळतात, ८ ते १० मिमी रुंद आणि २-३ मिमी उंच. पातळ पडद्याच्या बटणांचं पॅनल असेल तर तीनच लावा: सुरू, बंद आणि मधला अंक. सगळ्या बटणांवर लावली की पॅनल पुन्हा सपाट असल्यासारखंच. काचेच्या स्पर्श-पॅनलवर टिंब बटणावर नाही, शेजारी लावायचं; जाड टिंबातून बोट ओळखलं जात नाही आणि चाचपताना मात्र कडेचा भाग दाबला जातो. नॉबला एक टिंब टोकावर आणि तीन अंगावर: बंद, मध्यम, जास्त. लावण्याआधी तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि चोवीस तास ओला फडका लावू नका. आचेच्या जवळ गोंद सैल होतो, तिथे ती टिकत नाहीत.

विजेचं थोडक्यात. नाण्यासारखे सेल नकोत: धरायला निसटतात, घरात लहान मूल असेल तर धोका, आणि बोलण्याला लागणारा प्रवाह ते देत नाहीत. तीन एए सेल घ्या, तिन्ही एकाच दिशेने बसतील असे. एक सुलटा एक उलटा ही जागा वाचवायची सवय इथे सोडा. झाकण बिजागरीचं, हातातून पडणार नाही असं. बॅटरी संपत आल्याची सूचना सेलमागे १.२ व्होल्टला द्या, पण ते व्होल्टेज बोलणं चालू असताना मोजा. शांत असताना सेल ठीक दिसतो आणि मोठ्याने बोलायला लागताच मॉड्यूल बंद पडून पुन्हा सुरू होतं. चार्जिंग असेल तर टाइप-सी, आणि सॉकेटभोवती नरसाळ्यासारखा उतार, म्हणजे पिन आपोआप तोंडाशी येते. थेट विजेवर चालणाऱ्या उपकरणाने वीज गेली-आली तर तसं बोलून सांगावं. पडद्यावर नुसते लुकलुकणारे शून्य पुरत नाहीत.

चाचणीसाठी स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधू नका. पट्टी बांधलेला डोळस माणूस म्हणजे पाच मिनिटांपूर्वी अंध झालेला, घाबरलेला नवशिका. त्याला अडतं तिथे सराईत अंध माणसाला अडत नाही आणि उलटही. सहा ते आठ माणसं घ्या. त्यात उतारवयात नजर गेलेले निदान तिघं आणि बोटं बधिर असलेला एक तरी हवा. टायमर खोक्यातून त्यांनाच काढू द्या, कुठली बाजू वर हे सांगू नका. नळ आणि पंखा चालू ठेवून तीन मीटरवरून आवाज ऐकवा, ओल्या हातांनी नॉब फिरवायला लावा, आणि चित्रीकरण फक्त हातांचं करा. मग टायमर दोन आठवडे त्यांच्या घरी राहू द्या. ‘आवडला का’ विचारलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी टायमर हातात देऊन विचारा, ‘चालू आहे की बंद, काही न दाबता सांगा.’ दहा सेकंदांत उत्तर आलं नाही, तर पुढची चाचणी थांबवून आधी नॉब बदला.